नळाचें पाणी : उंची, दाब आणि वेळ

सकाळचे साडेपांच वाजलेले असतात. चाळीच्या तळमजल्यावर नळ सुटल्याचा आवाज होतो, बादल्यांचा खणखणाट ऐकूं येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरील गृहिणी तोटी उघडून पाहते तों आंतून नुसता वाऱ्याचा सुस्कारा बाहेर पडतो. पाव तासानें करंगळीएवढी धार लागते. हंडा भरतो न भरतो तोंच तीहि तुटते. खालच्यांनीं तोट्या बंद केल्या कीं वर पाणी येतें, हें तिला अनुभवानें ठाऊक असतें. म्हणून ती कठड्यावरून वांकून हांक मारते, खालून तितक्याच जोरानें उत्तर येतें, आणि 'नळावरचें भांडण' या नांवानें मराठींत रूढ झालेल्या प्रकाराला प्रारंभ होतो.

या भांडणाच्या मुळाशीं दोन प्रश्न आहेत. पाणी वर कां चढत नाहीं, हा पहिला. आणि तें ठराविक वेळींच कां येतें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर निसर्गाच्या नियमांत सांपडतें, दुसऱ्याचें इतिहासांत. मुंबई शहराच्या पाणीपुरवठ्याची हकीकत पाहिली म्हणजे हीं दोन्ही उत्तरें एकमेकांत कशीं गुंतलेलीं आहेत हें उघड होतें.

मुंबई हें मूळचें बेट. चोहोंकडे पाणी, पण प्यावयाचें थोडें, अशी त्याची स्थिति. गोड्या पाण्याच्या मोजक्या विहिरी आणि पावसाचें पाणी सांठविणारीं तळीं यांवर शहर जगत असे. चर्चगेटजवळची भिका बेहराम या पारशी गृहस्थाची विहीर १७२५ सालची. ती आजहि उभी आहे. ठिकठिकाणच्या धनिकांनीं पुण्यकर्म म्हणून तळीं खोदविलीं किंवा दुरुस्त करविलीं. तीं बहुतेक आतां बुजलीं आहेत, पण नांवें मागें राहिलीं आहेत : धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. गोवालिया टँकच्या मैदानावर १९४२ च्या ऑगस्टमध्यें जमलेल्या हजारों लोकांच्या पायांखालीं एके काळीं तळें होतें, हें आज कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

तळ्यावरून घरापर्यंत पाणी आणण्याचें काम पखाल वाहणारा भिस्ती करी, नाहीं तर घरची बाई करी. कोणत्या पाणवठ्यावर कोणीं जावें हें तहानेवरून ठरत नसे. तें जातीवरून ठरे. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं पुण्यांतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनीं, १९२७ सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. पाणी किती, या प्रश्नापेक्षां पाणी कोणाला, हा प्रश्न अधिक जुना आहे. तो नळाबरोबर शहरांत आला नाहीं आणि नळानें संपलाहि नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटावरील वस्ती वाढली आणि तळीं अपुरीं पडूं लागलीं. १८५४ सालीं तर पाण्याचा दुष्काळच पडला. ठाण्याकडील आगगाडी सुरू होऊन एकच वर्ष झालें होतें. त्या आगगाडीनें आणि होड्यांनीं बाहेरून पाणी आणून शहराची तहान भागविण्याचा प्रयत्न करावा लागला; जनावरें शहरांतून हलवावीं लागलीं. ज्या आगगाडीचें लोकांना वर्षापूर्वीं कौतुक वाटलें होतें, तिच्याकडे पाण्याच्या गाडीची वाट पाहत बसण्याची पाळी आली. त्या एका उन्हाळ्यानें जें काम अनेक अहवालांना साधलें नसतें तें केलें : बेटाबाहेरून कायमचें पाणी आणल्यावांचून तरणोपाय नाहीं, हें सरकारास पटलें.

हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरानें साष्टींतील विहार येथें मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यांत बांध घालून तलाव करण्याची योजना मांडली. १८५६ सालीं काम सुरू झालें आणि १८६० सालीं विहारचें पाणी ३२ इंच व्यासाच्या लोखंडी नळांतून मुंबईंत आलें. दररोज सुमारें ३ कोटी २० लाख लिटर पाणी मिळूं लागलें. देशांतील शहरांच्या नळयोजनांमध्यें ही अगदीं आरंभींची होय. आज मुंबईला रोज सुमारें ३८५ कोटी लिटर पाणी पुरविलें जातें. म्हणजे विहारच्या पहिल्या पुरवठ्याच्या सुमारें एकशेंवीस पट. तरीहि तिसऱ्या मजल्यावरचा सुस्कारा थांबलेला नाहीं, आणि हेंच या हकीकतींतील कोडें आहे.

विहारचें पाणी आलें आणि पाठोपाठ दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अशी कीं, पाणी येण्याची वाट झाली, पण जाण्याची झाली नाहीं. गटारांची व्यवस्था तोकडी असल्यानें वापरलेलें पाणी सखल भागांत मुरूं लागलें, आणि शहराच्या आरोग्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं याबद्दल पुढें अनेक वर्षें तक्रार केली. दुसरी अडचण अशी कीं, अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१ ते १८६५) कापसाच्या व्यापारास तेजी आली आणि माणसांचा लोंढा मुंबईंत लोटला. १८६४ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. नवा तलाव चार वर्षांत जुना झाला. १८७२ सालीं विहारची पाणीसांठ्याची शक्ति वाढविण्यांत आली. पण त्यानेंहि एक गोष्ट साधण्यासारखी नव्हती. विहारचें पाणी मलबार टेकडीवर चढेना.

येथें क्षणभर इतिहास बाजूस ठेवून दाब म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. पाणी आपली पातळी शोधतें, हें शाळेंत सर्वांनीं ऐकलेलें असतें. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशीं दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोचा भार घालतो. स्तंभ विहिरीएवढा रुंद असो वा बोटाएवढा अरुंद असो, भार तोच. तो फक्त उंचीवर अवलंबून असतो. आतां इमारतीचा एक मजला सुमारें तीन मीटरांचा धरला, तर प्रत्येक मजला चढतांना या दाबांतून सुमारें तीनशें ग्रॅम वजा होतात. तळमजल्यावर एक किलो दाब असेल, तर तिसऱ्या मजल्यावरील तोटीला उरतात शंभर ग्रॅम. चौथ्या मजल्यास कांहींच उरत नाहीं. खालच्या बिऱ्हाडकरूनें मुद्दाम पाणी अडविलें असें वरच्याला वाटतें. वास्तविक तें पृथ्वीनें अडविलेलें असतें.

पण हा हिशोब नळांतील पाणी स्थिर असतांनाचा. तें वाहूं लागलें कीं नळाच्या कडांशीं त्याचें घर्षण होतें आणि त्यांत कांहीं दाब खर्ची पडतो. वाहण्याचा वेग दुप्पट झाला कीं हा खर्च सुमारें चौपट होतो. नळाचा व्यास निम्मा असेल, तर तितकेंच पाणी नेण्यास सुमारें बत्तीस पट दाब खर्च होतो. जुन्या लोखंडी नळाच्या आंत गंजाचे थर बसून त्याचें तोंड वर्षावर्षानें आंखडत जातें, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा नळ आंतून निम्मा झालेला असतो. तळमजल्याच्या तोट्या बंद झाल्या कीं वर पाणी कां येतें, याचें उत्तर येथें आहे. तोट्या बंद झाल्या म्हणजे नळांतील वाहणें मंदावतें, घर्षणाचा खर्च कमी होतो, आणि शिल्लक राहिलेला दाब पाण्याला वर ढकलतो. कठड्यावरून हांक मारणाऱ्या बाईचें शास्त्र बरोबर असतें. तिला फक्त त्याचें नांव ठाऊक नसतें.

हें शास्त्र या देशास नळाबरोबरच कळलें असें नव्हे. सतराव्या शतकांत मलिक अंबरानें खडकी, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें जमिनीखालून नहर काढून शहरास पाणी पुरविलें. तेथील पाणचक्की बंद नळांतून चढविलेल्या आणि उंचावरून पडणाऱ्या पाण्यावर फिरत असे. पुण्यांत नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें पाणी शहरांतील हौदांत व शनिवारवाड्यांत आणण्यांत आलें. त्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणीं बांधलेल्या उभ्या मनोऱ्यांना 'उच्छ्वास' असें नांव होतें. नळांत कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे व नळ साफ करण्यासहि ते उपयोगीं पडत. आजच्या मोठ्या नळांवर हवा सोडणाऱ्या ज्या झडपा बसवितात, त्यांचे हे पूर्वज. या साऱ्या योजनांत पंप नव्हता. उतार हेंच इंजिन होतें. मात्र त्या काळीं पाणी सार्वजनिक हौदापर्यंतच येई, आणि हौद जमिनीच्या पातळीवर असे. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवावें अशी अपेक्षा त्या नळाकडून कोणीं केलीच नव्हती.

मुंबईंत ही अपेक्षा प्रथम मलबार टेकडीनें केली, आणि ती पुरविण्यासाठीं विहारहून उंच असा तलाव शोधावा लागला. विहारच्या वरच्या अंगास तुळशीचें खोरें आहे. तुळशी तलावाची भरलेली पातळी विहारच्या पातळीहून सुमारें ५९ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ वीस मजले वर. १८७९ सालीं तुळशीचें काम पुरें झालें व तेथून स्वतंत्र नळ मलबार टेकडीकडे नेण्यांत आला. तुळशीचें पाणी होतें रोजचें सुमारें १ कोटी ८० लाख लिटर, विहारच्या मानानें थोडेंच. पण त्याची किंमत त्याच्या मापांत नव्हती, त्याच्या उंचींत होती. टेकडीवरील बंगल्यांत तोटी उघडतांच पाणी येऊं लागलें. शहराच्या पाण्यांत उंच आणि सखल असे दोन वर्ग त्या दिवसापासून पडले.

त्याच काळांत शहरांतील मोठ्या टाक्या बांधण्यांत आल्या. मलबार टेकडीवरील टाकी १८८० च्या सुमाराची आणि माझगांवची भंडारवाड्याची टाकी १८८४ सालची. मलबार टेकडीच्या टाकीवर छप्पर घालून त्यावर माती पसरली आणि बाग केली. तीच हँगिंग गार्डन, पुढें फिरोजशहा मेहता यांचें नांव दिलेली. भंडारवाड्याच्या टाकीवरहि बाग आहे. तिला जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव आहे. संध्याकाळीं मुलांना घेऊन तेथें हवा खाण्यास जाणाऱ्या कुटुंबांच्या पायांखालीं उद्यां सकाळचें आंघोळीचें पाणी भरत असतें. या टाक्यांचें काम पतपेढीसारखें आहे. तलावाकडून पाणी रात्रंदिवस सारख्या गतीनें येतें. शहर मात्र तें सकाळीं दोन-तीन तासांत ओढतें. रात्रीं जमा आणि सकाळीं खर्च, असा हा व्यवहार. टाकी उंचावर बांधण्याचें कारण हेंच कीं, तिची उंची हा घराघरांतील तोटीचा दाब होतो.

पण पाण्याची तूट कायम राहिली. पवईचा तलाव १८९० च्या आगेंमागें घाईनें पुरवठ्यास जोडण्यांत आला, परंतु त्याचें पाणी प्यावयास बरें न ठरल्यानें तो लौकरच सोडून द्यावा लागला. १८९२ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्तें तानसा धरणाचें उद्घाटन झालें. शहापूर तालुक्यांतील हें दगडी धरण जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचें असून त्यानें शहरास रोज सुमारें ७ कोटी ७० लाख लिटर पाणी दिलें. इतकें पाणी अनेक वर्षें पुरेल असें वाटलें. पण १९१५, १९२५ आणि १९४८ या सालीं तानसाचा पुरवठा टप्प्याटप्प्यानें वाढवावा लागला. १९५७ सालीं वैतरणेचें पाणी आलें. त्या जलाशयास शहराचे इंजिनियर नानासाहेब मोडक यांच्यावरून मोडक सागर म्हणतात. त्यानंतर १९७० च्या दशकांत ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या दशकापासून भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा. शहराच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा आतां एकटी भातसा उचलते. दर खेपेस नवें धरण झालें, दर खेपेस पाणी पुरेंसें झालें असें वाटलें, आणि दर खेपेस शहर धरणाच्या पुढें गेलें.

मधल्या काळांत आणखी एक गोष्ट घडली, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. मलेरियाचा डांस शहरांतील विहिरींत वाढतो, असें विसाव्या शतकाच्या आरंभीं निदर्शनास आलें. डॉ. बेंटले यांचा मुंबईंतील मलेरियाविषयींचा अहवाल १९११ सालीं प्रसिद्ध झाला आणि विहिरी बुजविण्याचा किंवा झांकण्याचा आग्रह सुरू झाला. ज्यांच्या धर्मविधींस विहिरीचें पाणी लागे त्यांनीं विरोध केला. तरीहि अनेक विहिरी गेल्या. आरोग्याच्या दृष्टीनें तो विचार चुकीचा नव्हता. परंतु त्यामुळें शहराचा दुसरा हात गेला, आणि तें सर्वस्वीं नळावर विसंबून राहिलें. विशेष हें कीं, पुढें नळाचें पाणी सांठविण्यासाठीं घराघरांत पिंपें आणि गच्चीवर टाक्या आल्या, आणि डांसाला विहिरीच्या जागीं नवें घर मिळालें.

आतां वेळेचा प्रश्न. पाणी कमी आहे, म्हणून तें वांटून द्यावयाचें, आणि वांटावयाचें म्हणजे एका विभागाची झडप उघडून दुसऱ्याची बंद करावयाची, असा रिवाज पडला. हातांत लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यावरील झडपा फिरविणारा चावीवाला हा मुंबईंतील वस्त्यांच्या दिनक्रमाचा खरा नियंता होय. कोणत्या घरांत कोणत्या वेळीं उठावयाचें हें सूर्य ठरवीत नाहीं, तो ठरवितो.

ही वांटणी न्यायाची वाटते, पण तिच्यांत एक फसगत आहे. दिवसाचें चोवीस तासांचें पाणी चार तासांत द्यावयाचें ठरविलें, तर त्याच नळांतून सहापट वेगानें पाणी नेलें पाहिजे. आणि वेग सहापट झाला कीं घर्षणांत जाणारा दाब सुमारें छत्तीस पट होतो. म्हणजे पाण्याची वेळ ठरविण्यांतच दाब कमी होण्याचें बीज आहे. त्यांतच सर्व बिऱ्हाडें एकाच क्षणीं तोट्या उघडतात. नळाच्या आरंभीं राहणाऱ्यास भरपूर मिळतें, शेवटीं राहणाऱ्यास सुस्कारा मिळतो. शिवाय पाणी पुन्हां कधीं येईल या धास्तीनें प्रत्येक घर गरजेहून अधिक भरून ठेवतें, आणि दुसऱ्या दिवशीं नवें पाणी आलें कीं कालचें 'शिळें' म्हणून मोरींत ओततें. बचतीसाठीं काढलेल्या उपायानें उधळपट्टी शिकविली. २०१४ च्या सुमारास वांद्रें पश्चिम व मुलुंड या विभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग महापालिकेनें हातीं घेतला, त्याच्या मागें हाच विचार होता. पण दीड शतकाच्या संवयी आणि तितकेच जुने नळ एकदम बदलत नाहींत.

घरोघरीं विचारल्या जाणाऱ्या आणखी कांहीं प्रश्नांचीं उत्तरें याच विचारांतून निघतात. सकाळचें पहिलें पाणी गढूळ कां येतें? झडप बंद असतां नळ रिकामा होतो, त्यांत पोकळी निर्माण होते, आणि जमिनींतील फटींतून व सांध्यांतून बाहेरची घाण आंत ओढली जाते. नळ भरलेला आणि दाबाखालीं असला, तर फटींतून पाणी बाहेर येईल, पण घाण आंत जाणार नाहीं. दाब हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे, आरोग्याचा आहे, तो यामुळें. म्हणून पहिलें पाणी प्यावयास घेऊं नये. तें केर-सडा, धुणें यांस वापरावें, आणि पावसाळ्यांत पिण्याचें पाणी उकळून घ्यावें. कधीं पाणी दुधासारखें पांढरें दिसतें, त्याचें काय? तें पेल्यांत धरून ठेवावें. पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला, तर ती नळांत कोंडलेल्या हवेची बारीक बुडबुड होय, व तिच्यापासून भय नाहीं. गढूळपणा तळाशीं बसूं लागला, तर ती माती समजावी. तोटी एकदम बंद केल्यावर भिंतींत ठोका कां बसतो? वेगानें धांवणारें पाणी अकस्मात् अडलें म्हणजे तें नळावर धडकतें. अशा धडकांनीं सांधे सैल होतात, म्हणून तोटी हळू फिरवावी.

गच्चीवर टाकी असलेल्या नव्या इमारतींत कोडें उलटें होतें असें पुष्कळांस वाटतें, पण तेंहि खरें नव्हे. तेथें पाणी पंपानें वर चढवून खालीं सोडतात. सर्वांत वरच्या मजल्याची तोटी टाकीच्या दोन-तीन मीटरच खालीं असल्यानें तेथें धार क्षीण, आणि तळमजल्यावर जोराची. स्तंभाचा नियम दोन्हीकडे एकच आहे. मात्र रस्त्यावरून येणाऱ्या नळालाच थेट पंप लावून पाणी ओढणें हा प्रकार वेगळा आहे. तो कायद्यानें मना आहे, आणि कायदा नसता तरी तो करूं नये. कारण पंप पाणी निर्माण करीत नाहीं. तो शेजाऱ्याच्या नळांतला दाब ओढून घेतो, आणि त्या ओढीनें फटींतली घाणहि नळांत येते. ती मग पंप लावणाऱ्याच्याच घरांत प्रथम पोंचते.

शेजारी हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. शहराच्या हिशोबांत इमारतींतील माणसास रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टींतील माणसास ४५ लिटर, असें माप दीर्घकाळ धरण्यांत आलें. तेवढेंहि सर्वांपर्यंत पोंचलें नाहीं. उपनगरें १९५० व १९५७ सालीं शहरास जोडलीं गेलीं, पण नळ त्या मानानें मागें राहिले. गोरेगांवांतील बायकांचे हंडे-कळशांचे मोर्चे घेऊन महापालिकेशीं झगडणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनीं 'पाणीवाली बाई' हें नांव दिलें आणि १९७७ सालीं त्याच नांवाच्या बळावर लोकसभेंत पाठविलें. डिसेंबर २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें असा निर्वाळा दिला कीं, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घर अनधिकृत असलें तरी त्यांत राहणाऱ्या माणसास पाणी सर्वस्वीं नाकारतां येत नाहीं. चवदार तळ्यापासून न्यायालयाच्या या निकालापर्यंत सत्याऐंशीं वर्षें लोटलीं. प्रश्न तोच होता.

आणि नळाच्या दुसऱ्या टोंकाला काय आहे? तानसा व भातसा हीं धरणें ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. धरण सखल खोऱ्यांत, पाडा डोंगराच्या अंगावर. तानसाचें पाणी उताराच्या दिशेनें शंभरेक किलोमीटर दूरच्या शहराकडे आपोआप जातें. वरच्या पाड्याकडे तें चढवावें लागतें, आणि चढविण्यास खर्च येतो. मलबार टेकडीसाठीं १८७९ सालीं उंच तलाव शोधण्यांत आला. पाड्यासाठीं तितका शोध झाला नाहीं. पाण्याला उतार कळतो, हें खरें. पण उतार कोणत्या बाजूस ठेवावा हें माणसें ठरवितात.

वाटेंतील गळती व चोरी यांत शहराच्या पाण्याचा सुमारें चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक जातो, असें मानलें जातें. म्हणजे मुंबईच्या पुढच्या तलावाचा बराचसा भाग तिच्या स्वतःच्या रस्त्यांखालीं आहे. जुने नळ बदलणें, सांधे बुजविणें, टाक्यांची निगा राखणें, या कामांस धरणाच्या उद्घाटनाचा थाट नाहीं. तरी तिसऱ्या मजल्यावरचा दाब त्यांवरच अवलंबून आहे. ठिबकणारी तोटी दुरुस्त करणें, गच्चीवरील टाकी झांकून वरचेवर धुणें, सांठविलेलें पाणी शिळें म्हणून न फेंकणें, एवढें मात्र प्रत्येक घरांत आजच होण्यासारखें आहे. कठड्यावरून खालीं हांक मारणाऱ्या बाईचें म्हणणें अखेर एवढेंच असतें कीं, खालच्यानें आपलें भागल्यावर तोटी बंद करावी. तळमजल्याला तें ऐकूं येतें. शहापुरच्या पाड्याची हांक शहराला ऐकूं येण्यास अंतर थोडें अधिक आहे, इतकेंच.